पडलेला बर्फ, पाडलेला बर्फ

आज सकाळी गाडीची काच खरवडत होते. नॉटिंगहॅममधल्या आमच्या गल्लीत ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढरा थर साचला होता आणि दर दोन-तीन गाड्यांआड कोणीतरी प्लास्टिकची खरवडणी घेऊन वाकलेलं होतं. शेजारचे गृहस्थ नेहमीसारखं म्हणाले, "सुरू झाला एकदाचा हिवाळा." त्यांच्या आवाजात कंटाळा होता. मी मान डोलावली खरी, पण मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. थंडी पडली की माझं असंच होतं. इतरांच्या अंगात जाड कोट चढतो, माझ्या अंगात उत्साह. स्वयंपाकघरात चहा उकळत असतो आणि मी फोनवर स्कॉटलंडच्या डोंगरांवरचं तापमान बघत असते. उणे चार. उणे सहा. अजून थोडं खाली जाऊ दे.

मी ढगांवर काम करते. असं सांगितलं की आमच्या मराठी मंडळींत हशा पिकतो. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना झाली की चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हमखास विचारतं, "काय सुजाता, ढग काय म्हणतात?" बँकेतल्या, सॉफ्टवेअरमधल्या लोकांना माझी नोकरी म्हणजे युनिव्हर्सिटीने मला लावून दिलेला छंद वाटतो. मग मी सांगते, की डोंगरावर येणाऱ्या ढगातून जास्त बर्फ पाडता येतो का, हे आम्ही शोधतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग, येतो का?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा फार घाईने देऊन बसले होते. काही वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात. आज काच खरवडताना तो सगळा हिवाळा माझ्या हातमोज्यांवर येऊन बसला.

त्या वर्षी मी पहिल्यांदा स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्मच्या डोंगरांत गेले. आमची प्रोफेसर हेलन साठीची, बारीक, भराभरा चालणारी. तिने मला पहिल्याच दिवशी कड्याजवळ रोवलेल्या आमच्या मोजणीच्या खांबापाशी नेऊन उभं केलं. आम्ही ढगाच्या आत होतो. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. थर्मामीटर उणे आठ दाखवत होता आणि तरीही चेहऱ्याला जे लागत होतं ते पाणी होतं. बर्फ नव्हता, धूळ नव्हती, बारीक ओलं पाणी. ते माझ्या जॅकेटला टेकायचं आणि टेकताक्षणी गोठायचं. खांबावर त्याची पिसं उगवली होती, वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून वाढत जाणारी, लांब, पांढरी.

"पुस्तकात वाचलंयस ना हे?" हेलनने विचारलं.

वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. शून्याखाली गेलं की पाणी गोठतं हे अर्धं खरं आहे. ढगातल्या थेंबाला गोठायला काहीतरी आधार लागतो, एखादा धुळीचा कण तरी. तो मिळाला नाही तर थेंब कितीतरी खालच्या तापमानापर्यंत पाणीच राहतो. पण नागपूरच्या कॉलेजात पंख्याखाली बसून हे लिहिणं वेगळं आणि आपल्याच बाहीवर ते घडताना बघणं वेगळं. मी बाही डोळ्यांजवळ धरून उभी होते. हेलन हसली आणि म्हणाली, "पहिल्या वर्षी सगळे असेच उभे राहतात."

आमचा प्रयोग सांगायला सोपा होता. डोंगराच्या पश्चिमेच्या दरीत एक बर्नर बसवलेला. त्यात सिल्व्हर आयोडाइडचं द्रावण जाळायचं. त्याचा धूर वाऱ्याबरोबर चढावरून ढगात शिरणार. त्याच्या कणांची ठेवण बर्फाच्या कणासारखी, म्हणून थेंबांना हवा तो आधार मिळणार, ते गोठणार, वाढणार आणि डोंगरावर बर्फ होऊन पडणार. बाबांना मी हे फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दुधाला विरजण." मी म्हटलं, "अगदी तसंच."

"पण दूध हाय का नाही, ते आधी पाहतेस ना?" त्यांनी विचारलं. मी तेव्हा हसले होते.

बर्नर सांभाळायला यूअन होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, वाऱ्याने गाल कायमचे लाल झालेला. तीस वर्षं तो स्कीच्या उतारांवर काम करत आला होता. पूर्वी डिसेंबरपासून बर्फ असायचा, लोकांना उतारावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्ट चालायच्या, आता फेब्रुवारीतही कित्येक दिवस रिकाम्या खुर्च्या वाऱ्यात हलत असायच्या. गावातली निम्मी घरं त्या लिफ्टवर जगत होती. यूअनची मुलगी काम शोधत एडिंबरोला गेली होती. तो हे सगळं एकदाच, एका दमात सांगून मोकळा झाला आणि म्हणाला, "तुमचा बर्नर चालला पाहिजे. बास."

बर्नरच्या बाटल्या मात्र नॉटिंगहॅमच्या लॅबमधून सीलबंद येत. निम्म्यांमध्ये सिल्व्हर आयोडाइड, निम्म्यांमध्ये नुसतं इंधन. दिसायला, वासाला, वजनाला सारख्या. बाटलीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय आहे याची यादी लॅबमधल्या कपाटात बंद होती आणि ती हंगाम संपल्यावरच उघडायची होती. यूअनलाही माहीत नाही, मलाही नाही. कारण माहीत असलं की माणूस हवं तेच बघतो. हा नियम मी इतरांना किती गंभीरपणे समजावून सांगत असे.

जानेवारीच्या शेवटी बाबा आले. आई गेल्याला वर्ष झालं होतं आणि नागपूरच्या घरात ते एकटेच रेडिओशी बोलत बसतात असं भाऊ म्हणत होता. मी त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. नॉटिंगहॅममध्ये चार दिवसांत त्यांचा जीव विटला. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मले तुझ्या डोंगरावर ने. इथं खिडकीतून बसेस मोजून मोजून किती मोजू?"

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. भंडाऱ्याकडच्या एका तलावावर ते रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहीत. ताप असो, लग्न असो, साडेआठच्या नोंदीला खाडा नाही. त्यांनी आमचं बर्फाचं मापक पाहिलं आणि यूअनचा उधारीचा भलामोठा कोट सावरत त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "याच्यात अर्धा बर्फ शिरतच नाही. वारा वरून उडवून नेतो. आणि काल पडलेला जमिनीवरून उडून आज याच्यात येत असन, तर तू तो आजचा धरशील."

मी हे हेलनला सांगितलं. ती बाबांकडे वळली आणि म्हणाली, "या क्षेत्रातल्या लोकांचं सगळं आयुष्य याच भांडणात जातं." बाबांना वाक्य कळलं नाही, पण कौतुक कळलं. दुसऱ्या दिवशी ते आणि यूअन मिळून मापकाभोवतीचं लाकडी कुंपण नीट करत होते. बाबांचं इंग्रजी ऑफिसातलं, यूअनचं स्कॉटिश. दोघे एकमेकांना काय सांगत होते देव जाणे, पण संध्याकाळी कुंपण सरळ उभं होतं.

आणि मग फेब्रुवारीतला तो दिवस आला.

सकाळपासून ढग कड्यावर टेकून बसला होता. उणे नऊ. खांबावर हातभर पिसं. वारा पश्चिमेचा, हवा तितकाच. नऊ वाजता यूअनने रेडिओवर सांगितलं, "बाटली नंबर अकरा, पेटवली." मी वर मापकापाशी होते, हातात काळ्या मखमलीचा पुठ्ठा घेऊन. अकरा वाजेपर्यंत काहीच नाही. साडेअकराला पुठ्ठ्यावर एक कण टेकला. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बारीक फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. मी श्वास रोखून धरला, कारण श्वासाने तो वितळला असता. दुसरा आला. मग दहा. मग मोजता येईनात. बारा वाजता सगळं आकाश खाली यायला लागलं, सरळ, शांत, मोठमोठ्या पापुद्र्यांनी. तीनपर्यंत मी गुडघ्याइतक्या बर्फात उभी होते. बाबा खालच्या शेडच्या दारात, तळहात पुढे करून, आयुष्यात पहिल्यांदाच पडता बर्फ हातावर घेत होते.

यूअन दरीतून वर आला. भुवयांवर बर्फ, डोळ्यांत प्रश्न. आणि मी, जी सगळ्यांना यादी आणि सीलबंद बाटल्या समजावून सांगायची, तीच मी म्हणाले, "यूअन, हा आपला आहे."

त्याने माझे दोन्ही हात धरले आणि सोडले.

आठवड्यात ते गावभर झालं. दुकानात दूध घ्यायला गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली, "नंबर अकरावाली तूच ना?" स्थानिक पेपरात बर्नरचा आणि यूअनचा फोटो आला. लिफ्ट सलग कितीतरी दिवस चालल्या. उतारावर लाल-निळ्या कोटातली माणसं पाहून मला वाटायचं, हे सगळे माझ्या पुठ्ठ्यावरून घसरत चाललेत.

बाबा एकदा भाजी चिरता चिरता म्हणाले, "तुले कसं माहीत?"

"काय?"

"का तो तुमचाच व्हता."

"बाबा, इतका बर्फ आपोआप पडत नाही."

"काऊन नाही पडत?"

मग त्यांनी गोष्ट सांगितली. मी लहान असताना एका कोरड्या वर्षी सरकारने कृत्रिम पावसासाठी विमान उडवलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबांच्या तलावावर पाऊस झाला. साहेबांचा निरोप आला, नोंदीपुढे 'कृत्रिम' असं लिहा. बाबांनी लिहिलं नाही. साहेब स्वतः जीप घेऊन आले. बाबांनी त्यांना वही दाखवली. "म्हटलं, साहेब, याच्यात रकाना एकच हाय. किती पडला. कोणी पाडला, असा रकाना छापलाच नाही. तुम्ही छापून आणा, आन् कसं ओळखायचं तेही मले शिकवा, मी लिहितो." साहेब रागावून गेले. बाबांची त्या वर्षी बदली झाली. आम्ही गाव का सोडलं होतं ते मला त्या दिवशी, स्कॉटलंडमधल्या एका भाड्याच्या स्वयंपाकघरात, पहिल्यांदा कळलं.

एप्रिलमध्ये गावच्या हॉलमध्ये सभा ठरली. हंगामाचा निकाल सांगायचा आणि बर्नर पुढे चालू ठेवायचा का ते गावकऱ्यांनी ठरवायचं. माझी नोकरी त्या उन्हाळ्यापर्यंतच होती आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. गावाने हो म्हटलं तर काम पुढे, नाही म्हटलं तर बाबांबरोबरच माझंही परतीचं तिकीट. हेलन नॉटिंगहॅमहून यादीचा लिफाफा घेऊन आली. सभेआधी हॉलमागच्या छोट्या खोलीत, रचून ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये उभं राहून आम्ही तो उघडला.

अकरा नंबरच्या पुढे लिहिलं होतं: नुसतं इंधन.

मी पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. त्या दिवशी बर्नरमधून सिल्व्हर आयोडाइडचा एक कणही वर गेला नव्हता. तो सगळा बर्फ आपोआप पडला होता. ज्या दिवसांत खरोखर सिल्व्हर आयोडाइड जाळलं होतं, त्यातले काही दिवस चांगले होते, काही कोरडे, आणि ते सगळे मिळून काहीच ठाम सांगत नव्हते.

हेलनने विचारलं, "मी बोलू की तू?"

"मी बोलते," मी म्हटलं. "मीच म्हणाले होते."

हॉल भरलेला होता. यूअन पुढे, बाबा तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन. मी सरळ सांगून टाकलं. अकरा नंबरच्या बाटलीत औषध नव्हतं. तो बर्फ आमचा नव्हता. यादी उघडायच्या आधी बोलायला नको होतं, ते मी बोलले, आणि माझ्या बोलण्यावर यूअनने विश्वास ठेवला. चूक माझी आहे, त्याची नाही.

मग यूअनने जागेवरूनच विचारलं, "म्हणजे बर्नरचा काही उपयोग नाही?"

"तेही सांगता येत नाही," मी म्हटलं. आणि कसं कोण जाणे, तिथून माझा आवाज सुटला. मी सांगायला लागले, की आम्हाला काय काय माहीत नाही. धूर ढगापर्यंत पोचतो की दरीतच फिरत राहतो, ते आम्ही पाहिलेलं नाही, त्याचा माग काढायला हवा. ढगात गोठायचं पाणी किती शिल्लक आहे, ते फक्त खांबापाशी कळतं, वर किती आहे ते खालून बघणारं यंत्र हवं. आमच्या मापकात किती बर्फ शिरतो आणि किती उडून जातो त्याचा हिशेब कच्चा आहे. पडलेल्या बर्फात आमच्या धुरातली चांदी सापडली तरी ती तिथे पोचली एवढंच कळतं, बर्फ तिने पाडला असं नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, हा डोंगर स्वतःहून किती लहरी आहे, एका हिवाळ्यात आणि दुसऱ्यात किती फरक करतो, तेच कोणी नीट मोजलेलं नाही. ते माहीत नसताना आम्ही आमचा वाटा कसा ओळखणार? बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की माझे हात हवेत फिरताहेत आणि मी चक्क खूश आहे. नोकरी जायची वेळ आली होती आणि मला त्या क्षणी जगातलं सगळ्यांत सुंदर काम माझंच वाटत होतं, कारण त्यातलं जवळपास सगळं अजून करायचं बाकी होतं.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, चिखलाचे बूट घातलेल्या. मोराग, डोंगराच्या पूर्वेला मेंढ्या पाळणाऱ्या. मी मनात त्यांना तेव्हापासून मोरागबाईच म्हणते.

"ढग तुमच्यावरून माझ्याकडे येतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे त्यातलं काढून घेतलं तर माझ्या ओढ्याला कमी येणार का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तेही मोजायला हवं. तुमच्या बाजूला आमचं एकही मापक नाही."

"का नाही?"

आम्ही तिकडे बघितलंच नव्हतं.

"मग माझ्या कुरणात लावा," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

यूअन सभा संपायच्या आधीच उठून गेला. मला वाटलं, एक माणूस आपण गमावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधत असताना तो दाराशी उभा होता. आधी बाबांशी हात मिळवला, मग माझ्याकडे वळला. "पुढच्या वेळी आधी बोलू नकोस," तो म्हणाला. "मीही बोलणार नाही." खिशात हात घालून त्याने कड्याकडे पाहिलं. "खांब आज उतरवू नकोस. एप्रिलातही येतो एखादा ढग."

गावाने ठरवलं ते असं: दोन हिवाळे बर्नर बंद. फक्त मोजायचं. डोंगर एकटा काय करतो ते बघायचं. हेलनने त्याच निर्णयाच्या जोरावर युनिव्हर्सिटीकडून माझी मुदत वाढवून घेतली. बाबा परत जाताना लंडनजवळच्या हाउन्सलोला माझ्या मावसभावाकडे एक मुक्काम करून विमानात बसले. मावसभावाने विचारलं म्हणे, "मग काका, ताईने बर्फ पाडला की नाही?" बाबा म्हणाले, "मोजणं चालू हाय."

ते दोन हिवाळे मी कुणाला सांगायला गेले तर त्यात गोष्ट अशी काही नाही. नवीन यंत्रं आली, डोंगराच्या दोन्ही बाजूंना मापकं लागली, ढगातल्या पाण्याची रेघ पडद्यावर वरखाली होताना मी तासन् तास पाहिली. कधी तीन दिवस ढग भरलेला असायचा आणि थेंबही सोडायचा नाही, कधी काही कारण नसताना नंबर अकराच्या दिवसासारखा मनसोक्त कोसळायचा. प्रत्येक वेळी मला आधी हसू यायचं. ज्याने मला सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडलं त्या डोंगराचा राग यायला हवा होता, पण त्याच्या लहरी मोजता मोजता मला त्याचा लळा लागला. बाबा अजून दर आठवड्याला फोन करतात. "जयभीम" म्हणतात आणि पाठोपाठ विचारतात, "वारा कुठून हाय?"

या हिवाळ्यात बर्नर पुन्हा पेटणार आहे. बाटल्या भरून यूअनकडे पोचल्या आहेत, यादी हेलनच्या कपाटात आहे. मी उद्या निघणार होते, पण आज काच खरवडून घरात आले, बोटं अजून बधिर होती, तोवर फोन वाजला. मोरागबाई. त्या गेली दोन वर्षं रोज सकाळी नऊला त्यांच्या कुरणातलं मापक वाचतात, कधी कधी त्यात मेंढीची लोकर निघाली तर तीही सांगतात.

"उद्याची वाट बघू नकोस," त्या म्हणाल्या. मागे वारा ऐकू येत होता, म्हणजे त्या बाहेरूनच बोलत होत्या. "ढग पोचला आहे. यूअन सकाळीच दरीत गेला."

मी विचारलं, त्याने पेटवलं का, कुठला नंबर.

"ते मला विचारू नकोस आणि कळलं तर सांगूही नकोस," मोरागबाई म्हणाल्या. "मी फक्त मोजणार आहे."